बडोद्याजवळ रेल्वे-ट्रकचं मालवाहतूक हब उभं करायचं तर कुठून सुरुवात करायची

बडोद्याच्या दक्षिणेला, म्हणजे पोर, वरणामा, इटोला, करजण या पट्ट्यात ज्याच्याकडे थोडीफार सलग जमीन आहे त्याला सध्या एकच स्वप्न पडतंय. शेजारून मुंबईची मेन लाइन जाते, वेस्टर्न डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉर झाला, दिल्ली-मुंबई एक्सप्रेस-वेचा बडोदा-भरुच तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, मग आता इथं एक लॉजिस्टिक पार्क टाकायचा, साइडिंग (म्हणजे मेन लाइनमधून आपल्या जमिनीत येणारा रुळांचा फाटा) घ्यायची आणि भाडं खात बसायचं. दलाल मंडळी हेच सांगून जमिनी विकतायत, आणि दांडिया बाजारात चहाच्या टपरीवर उभं राहिलात तरी दोन माणसं याच विषयावर बोलताना सापडतील. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण मला लोक विचारतात ते सगळं रुळांबद्दल असतं आणि पैसा बुडतो तो मात्र बहुतेक वेळा ट्रकच्या बाजूला.

रूळ काय, पैसे भरले आणि मंजुऱ्या आल्या की पडतात. हब चालतं की नाही हे ठरतं दोन गोष्टींवर, ट्रक गेटातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती वेळ जातो, आणि परत जाताना त्याला नि तुमच्या रेकला, म्हणजे आख्ख्या मालगाडीला, वापसीचं भाडं मिळतं का. बाकीचं सगळं या दोन गोष्टींसाठी करायचं.

आपल्याकडे याचा इतिहासही आहे बरं का. खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम नॅरो गेज लाइन टाकली, पण रूळ इतके हलके होते की इंजिनाचं वजन पेलेना, म्हणून सुरुवातीची वर्षं गाड्या चक्क बैलांनी ओढल्या, इंजिन नेमानं धावलं ते रूळ बदलल्यावर, बऱ्याच वर्षांनी. माल किती, वजन किती, ओढणार कोण, हा हिशोब आधी नाही केला तर आजही तेच होतं, फक्त बैलांच्या जागी बँकेचे हप्ते येतात.

पहिली पायरी: माल मोजा, आणि खरा माल मोजा

जमीन बघायच्या आधी हे. बडोद्याभोवती माल भरपूर आहे यात शंका नाही. नंदेसरी-राणोलीची केमिकल्स, मकरपुरा जीआयडीसीतलं इंजिनिअरिंग, वाघोडिया-सावली-हालोलची ऑटो पार्ट्स आणि मशिनरी, ट्रान्सफॉर्मरवाले, डभोई-करजणकडचा कापूस आणि तूर, येणाऱ्या मालात सिमेंट, स्टील, धान्य, खत. पण कोयलीची रिफायनरी किंवा बाजव्याचा खताचा कारखाना असल्या मोठ्या लोकांकडे स्वतःची रेल्वेची सोय आधीपासून आहे, त्यांचा माल तुमच्या आकड्यात धरू नका. आणि दशरथला कंटेनर डेपो आहे, वरणाम्याला कॉनकॉरचा (रेल्वेच्या कंटेनर कंपनीचा) मोठा पार्क आहे, तिथं आज जो माल जातोय तोही धरू नका. ते गेल्यावर जे उरतं ते तुमचं, आणि तेही लगेच नाही.

मोजायचं कसं? कंपनीच्या मालकाला विचारलंत तर तो "हो हो, रेल्वे असेल तर आम्ही नक्की येऊ" म्हणणार, त्याला म्हणायला काय जातंय. त्याच्या डिस्पॅचवाल्या माणसाकडे जा, चहा पाजा, आणि एका महिन्याच्या बिल्ट्या (ट्रकनं पाठवलेल्या मालाच्या पावत्या) बघायला मागा. प्रत्येक बिल्टीवरून एवढंच लिहून घ्या: कुठून कुठे, किती टन, ट्रकला भाडं किती दिलं, आणि माल किती तासांत पोचायला हवा होता. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच लोक सोडून देतात. उद्या सकाळी पोचलाच पाहिजे असा माल रेल्वेवर येणार नाही, तुम्ही कितीही स्वस्त द्या.

अंतराचा ठोकताळा असा की साधारण ५०० किलोमीटरच्या आत ट्रकच जिंकतो, कारण रेल्वेचं भाडं कमी असलं तरी कारखान्यापासून साइडिंगपर्यंत ट्रक, तिथं एकदा उचलणं, पलीकडं परत एकदा उचलणं आणि परत ट्रक, हे सगळं त्यात बेरीज होतं. जेएनपीटी, म्हणजे मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर, बडोद्याहून सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, म्हणजे नेमकं मधल्या कात्रीत. ट्रक संध्याकाळी निघाला की सकाळी पोर्टाच्या रांगेत लागतो. त्यामुळे नुसत्या जेएनपीटीच्या भरवशावर हब काढणाऱ्याला मी तरी थांब म्हणेन. दिल्ली-हरियाणा-पंजाब, पूर्वेकडची राज्यं, दक्षिणेकडं लांब जाणारं, हा खरा रेल्वेचा माल. मुंद्रा-पिपावाव बंदरांचे कंटेनर डबल स्टॅक (एकावर एक दोन) मिळाले तर हिशोब बसू शकतो.

आता कंटेनरचा आकडा. एका कंटेनर रेकला ४५ वॅगन, प्रत्येकीवर वीस फुटी दोन, म्हणजे ९० कंटेनर. आठवड्याला फक्त दोन रेक धरले, येतानाही भरलेले आणि जातानाही भरलेले, तर झाले ३६० कंटेनर, सहा दिवसांत वाटले तर रोज ६०. हे ६० रोज तुमच्या बिल्ट्यांच्या यादीतून निघतायत का बघा. निघत नसतील तर हबचा विचार सोडू नका पण साइडिंगचा पुढं ढकला, त्याबद्दल खाली लिहिलंय.

दुसरी पायरी: नऊ तासांचा हिशोब

हा भाग नीट वाचा, कारण सगळं डिझाइन इथून निघतं. पोत्यांचा बंद वॅगनचा रेक घ्या, बीसीएनएचएल म्हणतात त्या ५८ वॅगन. माल साधारण ४,००० टन. पन्नास किलोच्या पोत्यांनी मोजलं तर ८०,००० पोती. रेल्वे खाली करायला जो फ्री टाइम देते तो असल्या वॅगनला साधारण नऊ तास धरा, त्यानंतर दर वॅगनमागे दर तासाला डेमरेज म्हणजे उशिराचा दंड सुरू, आणि माल प्लॅटफॉर्मवर पडून राहिला तर त्याचं भाडं, व्हार्फेज, वेगळं.

एका ट्रकमध्ये २५ टन धरले तर १६० ट्रक. नऊ तास म्हणजे ५४० मिनिटं. म्हणजे तुमच्या गेटातून दर सव्वातीन-साडेतीन मिनिटाला एक ट्रक भरून, काट्यावर वजन होऊन, तालपत्री बांधून, कागद घेऊन बाहेर पडला पाहिजे, आणि तेवढ्याच वेगानं रिकामा आत आला पाहिजे. एक काटा असेल आणि त्यावर एका ट्रकला पाच मिनिटं लागत असतील तर तिथंच तुमचा खेळ संपला, बाकी कितीही हमाल लावा. (अर्थात सगळं ट्रकमध्येच भरायला पाहिजे असं नाही, अर्धा माल रुळाशेजारच्या शेडमध्ये उतरवून नंतर सावकाश पाठवायचा हाच शहाणपणाचा मार्ग, आणि म्हणूनच शेड रुळालगत हवी, जमिनीच्या दुसऱ्या टोकाला नको.)

गुड्स शेडवर रात्रीचा रेक लागलेला कधी उभं राहून बघा. दहा-बारा वॅगनचे दरवाजे एकदम उघडतात, हमालांच्या टोळ्या तुटून पडतात, पहिला तासभर सगळं झकास चालतं, आणि मग ट्रक संपतात. पुढची खेप बाहेर रस्त्यावर अडकलेली, ड्रायव्हर फोन उचलत नाही, हमाल पोत्यांवर बसून विडी ओढतायत आणि घड्याळ चालूच. पंगत बसवली आणि वाढपीच गायब, तसलं दृश्य. डेमरेजचं बिल येतं तेव्हा सगळे रेल्वेला शिव्या देतात, पण रेल्वेनं रेक तर आणून दिला होता की.

तर मग नियम असा ठेवा: रेकचा इंडेंट (रेल्वेकडे मागणी) टाकायच्या आधी ट्रक बुक झालेले असले पाहिजेत, आणि रेक निघाल्यापासून रेल्वेच्या एफओआयएस सिस्टिमवर तो कुठं पोचला हे बघत ट्रकवाल्यांना सहा तास आधी, मग दोन तास आधी निरोप गेला पाहिजे. यासाठी महागडं सॉफ्टवेअर नको, एक जबाबदार मुलगा आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो.

तिसरी पायरी: जमीन

लोक एकर मोजतात. तुम्ही लांबी मोजा. पूर्ण रेक उभा करायला सरळ ७०० मीटरच्या आसपास रूळ लागतो, त्याला दोन्ही टोकांना सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जायची जागा), इंजिन सुटून मागं जायला जागा, मेन लाइनमधून वळून आत येणारा बाक, हे सगळं धरलं तर लाइनीला समांतर एक-सव्वा किलोमीटरची पट्टी पाहिजे. ६० एकर चौकोनी जमीन असूनही उपयोगाची नाही आणि ४० एकर लांबट असून झकास बसते असं होतं. रेक तोडून दोन तुकड्यांत उभा करता येतो, पण मग शंटिंगचा वेळ जातो आणि तो त्याच नऊ तासांतून जातो.

उताराचं पण बघा. रेल्वे यार्डाला ४०० ला १ पेक्षा जास्त उतार चालत नाही, आणि शक्यतो १२०० ला १ असावा असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जवळजवळ सपाट. आपल्याकडे जमीन सपाटच आहे, पण मेन लाइन भरावावर असते, तिच्या पातळीला यायचं म्हणजे तुम्हाला आख्ख्या पट्टीत मातीचा भराव टाकावा लागतो, आणि भराव हाच बऱ्याचदा रुळांपेक्षा महाग पडतो.

मातीचं तर बोलायलाच नको. काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. रीच स्टॅकर नावाचं जे मशीन कंटेनर उचलतं, त्यानं भरलेला कंटेनर पुढं धरला की नुसत्या पुढच्या ॲक्सलवर शंभर टनांच्या आसपास भार येतो. हायवेच्या ट्रकच्या ॲक्सलला दहा-बारा टन असतात, यावरून समजा. त्यामुळे वरची काळी माती काढून टाकणं, खाली न फुगणारा मुरूम किंवा चुना-सिमेंट घालून दाबलेला थर, वर जाड काँक्रीट, याला पर्याय नाही. पैसे वाचवायचे असतील तर यार्ड लहान करा, जाडी कमी करू नका.

आणि पाणी. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या घरात पाऊस पडला ते आठवतंय ना, आणि ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६ असताना. शहराच्या दक्षिणेला जांबुवा आणि ढाढर नद्या आहेत, तिथंही तेच. जमीन बघायला उन्हाळ्यात जाऊ नका, पावसाळ्यात जा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं, भिंतीवरची खूण तो दाखवेल. शिवाय तुमचा नवीन भराव हा पाण्याला बंधारा होतो, वरच्या शेतात पाणी तुंबलं की सगळं गाव तुमच्या दारात, तेव्हा मोऱ्यांचा हिशोब आधी करा आणि दोन मोऱ्या जास्तच घाला.

कागदपत्रं. गुजरातमध्ये पण सातबारा आणि आठ-अ आहेतच, सरकारच्या एनीआरओआर साइटवर ऑनलाइन दिसतात, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं आणि तिथंच तो फसतो. इथं शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, कूळ कायद्याचं कलम ६३. उद्योगासाठी घेताना ६३-एए ची वाट आहे, पण त्यात १० हेक्टरच्या वर गेलात की उद्योग आयुक्तांची परवानगी आधी लागते, आणि तुमचं हब औद्योगिक हेतूत बसतं का हे वकिलाकडून लेखी घ्या, तोंडी नको. मग बिनशेती. जंत्री (जमिनीचे सरकारी दर, आपलं रेडी रेकनर) एप्रिल २०२३ मध्ये दुप्पट झाली, त्यामुळे जुन्या प्रोजेक्ट रिपोर्टमधला स्टॅम्प ड्युटीचा आकडा कॉपी करू नका. मध्ये गौचराचा (गायरानाचा) तुकडा असेल तर त्या जमिनीचा नादच सोडा असं माझं मत.

अजून एक खास बडोद्याची भानगड म्हणजे पाइपलाइनी. तेल-गॅसच्या लाइनी या भागात जिकडंतिकडं जमिनीखाली आहेत, १९६२ च्या कायद्यानं त्या पट्ट्यात वापराचा हक्क कंपनीकडे असतो, जमीन शेतकऱ्याच्या नावावर, तो पीकही घेतो, पण वर बांधकाम करता येत नाही. शेताच्या कडेला छोटे पिवळे-पांढरे खांब दिसले तर थांबा आणि चौकशी करा. नर्मदा कॅनॉलच्या शाखा आणि हाय टेन्शनच्या लाइनी तशाच, खालून उंच कंटेनर आणि त्याच्यावर मशीनचा दांडा जाणार आहे हे विसरू नका.

रस्ता

जमिनीतलाच भाग आहे पण वेगळं लिहितो. एक्सप्रेस-वे लागून आहे म्हणजे एक्सप्रेस-वे तुमचा झाला असं नाही, त्याच्यावर चढायला इंटरचेंज लागतो आणि तो दहा-पंधरा किलोमीटर लांब असेल तर जमीन कुंपणाला लागून असली काय नसली काय. एनएच-४८ वर जांबुवा, बामणगामच्या अरुंद पुलांवर किती वेळ जातो हे या रस्त्यानं करजणला जाणाऱ्या कुणालाही विचारा. पुलांचं वय आणि ताकद पण बघा, ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळ महीवरचा गंभीरा पूल पडला, माणसं गेली, आणि आणंद-सौराष्ट्राकडे जाणारा एक मोठा रस्ता एका सकाळीत बंद झाला. तुमचा माल ज्या रस्त्यानं येणार त्याला दुसरा रस्ता आहे का, हा प्रश्न आता कागदावर असलाच पाहिजे.

मध्ये रेल्वे फाटक असेल तर जमीन घेऊ नका. दर साडेतीन मिनिटाला ट्रक आणि मध्ये फाटक, हे जमणारच नाही. गावातून जाणारा रस्ताही नको, शाळा सुटायच्या वेळी ट्रक अडवले की बरोबरच करतात लोक.

चौथी पायरी: रेल्वेची मंजुरी

पूर्वी प्रायव्हेट फ्रेट टर्मिनलची पॉलिसी होती, आता १५ डिसेंबर २०२१ पासून गतिशक्ती मल्टिमोडल कार्गो टर्मिनल, सगळे जीसीटी म्हणतात. आधीच्या मानानं बरीच सोपी आहे. रेल्वेशी जोडणीसाठी जी रेल्वेची जमीन लागते तिचं लायसन्स भाडं नाही, डिपार्टमेंटल चार्जेस नाहीत, आणि तुमचा फाटा ज्या स्टेशनाला जोडला जातो तिथल्या सगळ्यांच्या कामाच्या सोयी रेल्वे बघते. अर्ज डिव्हिजनकडे, म्हणजे आपल्या बाबतीत पश्चिम रेल्वेचं बडोदा डिव्हिजन, ऑफिस प्रतापनगरला.

क्रम साधारण असा: आधी तत्त्वतः मंजुरी, मग इंजिनिअरिंग स्केल प्लॅन म्हणजे ईएसपी आणि डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), ते मंजूर झाले की करार आणि काम. प्लॅन करणारा कन्सल्टंट रेल्वेच्या कामातला मुरलेला घ्या, बिल्डिंगवाला आर्किटेक्ट नको. पण अर्ज टाकायच्याही आधी एक काम करा, ज्या स्टेशनाला जोडायचंय तिथं जाऊन दिवसभरात लूप लाइन (गाडी बाजूला उभी करायचा रूळ) किती वेळ रिकामी असते ते बघा. मुंबई-बडोदा लाइनीवर गाड्यांची गर्दी काय आहे ते माहितीये तुम्हाला, तुमचा रेक मेन लाइन ओलांडून आत येणार असेल तर दोन गाड्यांच्या मधली फट शोधत तो बाहेर उभा राहील. लाइनीच्या कुठल्या बाजूला जमीन आहे, यानं किती फरक पडतो ते इथं कळतं.

फ्रेट कॉरिडॉरला जोडायचं असेल तर तो चालवणाऱ्या डीएफसीसीआयएल कंपनीकडे जावं लागतं. दादरी ते जेएनपीटी १,५०६ किलोमीटरचा हा मार्ग, २५ टन ॲक्सल लोड, दीड किलोमीटर लांब गाड्या आणि एकावर एक दोन कंटेनर, वायर त्यासाठीच उंच. आपल्याजवळचं न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड मार्च २०२४ मध्ये सुरू झालं, वैतरणा ते जेएनपीटी हा टप्पा सगळ्यात मागं राहिला. उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला म्हणूनच याचा फायदा आधी मिळतो, आणि वर मी दिल्ली-पंजाबचा माल आधी मोजा म्हटलं ते याचमुळे.

स्वतःची जमीन न घेता रेल्वेची रिकामी जमीन भाड्यानं घेऊन टर्मिनल काढायचाही रस्ता आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या धोरणात बाजारभावाच्या दीड टक्का दरवर्षी भाडं आणि ३५ वर्षांपर्यंत मुदत आहे. जमिनीत पैसा अडकवायचा नसेल तर हे गंभीरपणे बघा, छोट्या माणसाला मला तरी हेच जास्त परवडणारं वाटतं.

एक छोटी गोष्ट जी नवीन लोकांना सुचत नाही: ज्या रुळावर कंटेनर उचलायचे तिथं वरची विजेची वायर नको, मशीन चालणार कसं. वायर अलीकडंच संपवतात आणि रेक मागून ढकलून आत घालतात किंवा डिझेल शंटरनं नेतात. आणि पोत्यांच्या मालाचा प्लॅटफॉर्म रुळाच्या पातळीपासून १०६५ मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही, हे काँक्रीट ओतायच्या आधी मिस्त्रीला सांगा.

पाचवी पायरी: आतली मांडणी

कागदावर पहिली रेघ गेटची काढा. बाहेरच्या रस्त्यापासून गेट इतकं आत घ्या की निदान तीस-चाळीस ट्रक तुमच्याच जमिनीत रांगेत उभे राहतील. रांग हायवेवर गेली की पोलीस, गाववाले, अपघात, सगळं मागं लागतं. आत यायचा आणि बाहेर जायचा रस्ता वेगळा, पूर्ण यार्डात एकच दिशा, काटे येताना वेगळे जाताना वेगळे.

केमिकलचा माल येणार असेल, आणि नंदेसरी जवळ असताना येणारच, तर धोकादायक मालाला वेगळा कोपरा, गळती अडवणारं गटार, फायर हायड्रंट, हे पहिल्या दिवसापासून. नंतर करू म्हणणाऱ्यांचं नंतर कधी येत नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं तर पर्यावरण मंजुरी लागते, तिचा वेळ धरून चाला.

ट्रान्सफॉर्मरसारखा अजस्र माल हा बडोद्याचा वेगळा धंदा आहे, अनेक चाकांचे हायड्रॉलिक ट्रेलर रात्री रांगत जातात ते तुम्ही बघितले असतीलच. त्यांच्यासाठी वळणं मोठी ठेवता आली तर ठेवा, गेट उघडून रुंद करता येईल असं करा. पण त्याच्या भरवशावर हब काढू नका.

ड्रायव्हरांसाठी संडास, अंघोळीची जागा, प्यायचं पाणी, स्वस्त जेवण आणि झाडाखाली खाटा. यावर खर्च नगण्य आहे, आणि ज्या यार्डात हे आहे तिथं ड्रायव्हर स्वतःहून यायला तयार असतो, दोन यार्डांत भाडं सारखं असेल तर तो कुठं जाईल हे सांगायला नको. आपल्याकडे या गोष्टीकडे इतकं दुर्लक्ष का होतं मला कळत नाही.

टप्प्याटप्प्यानं करा

सगळं एकदम नको. आधी फक्त ट्रक टर्मिनल, गोदाम आणि काटा काढा, आणि जवळच्या चालू टर्मिनलवर कंटेनर नेऊन-आणून द्यायचा धंदा करा. यात गिऱ्हाईक कळतं, ट्रकवाले कळतात, कोण पैसे वेळेवर देतो ते कळतं. बिल्ट्यांचा आकडा रोज ६० च्या जवळ जायला लागला की साइडिंगचं काम हातात घ्या, जमिनीची लांब पट्टी मात्र त्यासाठी पहिल्यापासून मोकळी ठेवा, तिथं कुणाला शेड भाड्यानं देऊ नका, मग निघत नाही तो.

कस्टम्स सगळ्यात शेवटी. इनलँड कंटेनर डेपो व्हायचं तर दिल्लीतून मंत्रालयांच्या समितीची मंजुरी, कस्टम्स ॲक्ट १९६२ च्या कलम ७ खाली नोटिफिकेशन, २००९ च्या कार्गो हँडलिंगच्या नियमांप्रमाणे कस्टोडियनची जबाबदारी, आणि बाजूला आधीच दोन डेपो असताना तिसरा का, याचं उत्तर. देशांतर्गत मालावर पाय रोवा, मग बघू.

कागदाच्या बाबतीत एक अडचण रोज येते ती सांगून ठेवतो. ई-वे बिलाची मुदत साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. माल ट्रकमधून उतरून तुमच्याकडे रेकची वाट बघत पडला आणि मधे मुदत संपली तर पुढं अडतो. ट्रकमधून रेल्वेवर चढताना पार्ट-बी मध्ये गाडी नंबरच्या जागी रेल्वेची पावती टाकावी लागते, आणि पलीकडं उतरल्यावर परत ट्रकचा नंबर. हे काम गिऱ्हाइकावर सोडू नका, तुमच्या गेटवरच्या टेबलावर करून द्या.

वापसीचं भाडं

इथं खरी कमाई आहे किंवा खरा तोटा. रेक भरून गेला आणि रिकामा आला तर रिकाम्या फेरीचा खर्च भरलेल्या मालावरच बसतो, आणि मग तुमचा दर ट्रकपेक्षा महाग होतो, गिऱ्हाईक जातं. म्हणून माल शोधताना जोडीनं शोधा. इथून उत्तरेला केमिकल, प्लास्टिक दाणा, मशिनरी जाते, तर तिकडून धान्य, तांदूळ, कागद, पार्ट्स काय येऊ शकतं, आणि तोच कंटेनर दोन्हीला चालतो का. केमिकल नेलेल्या कंटेनरमध्ये तांदूळ भरता येत नाही हे उघड आहे, पण दर ठरवताना विसरतात, म्हणून धुलाईची सोय आणि वेगळे कंटेनर यांचा खर्च दरात धरा. रेक स्वतः घ्यायची गरज नाही, कंटेनर गाड्या चालवणाऱ्या खाजगी ऑपरेटरशी करार करा, पण करारात महिन्याला किमान किती फेऱ्या हे दोन्ही बाजूंनी बांधून घ्या.

ट्रकचं तेच. सावलीहून माल घेऊन आलेला ट्रक परत सावलीला रिकामा जात असेल तर त्याचा दर दुप्पट लागणारच. येणारं स्टील, कागद, दाणा त्याच भागात जातो का बघून जोड्या लावा. स्थानिक ट्रकवाल्यांना पहिल्यापासून आत घ्या, त्यांच्या संघटनेच्या माणसांबरोबर बसून दर फेरीचा दर आणि तासाच्या वर थांबलं तर काय, हे लिहून ठरवा. बाहेरचा मोठा कॉन्ट्रॅक्टर आणून स्थानिकांना डावललंत तर एक दिवस गेटसमोर ट्रक आडवे लागतील आणि आत रेक उभा असेल. हमालांच्या टोळ्यांचं पण तसंच, दर पोत्यामागचा भाव सणाच्या आधी ठरवा, रेक लागल्यावर नाही.

पैशाचं थोडक्यात. उत्पन्न येतं ते उचल-ठेवीच्या दरातून, गोदामाच्या भाड्यातून, पहिल्या-शेवटच्या टप्प्याच्या ट्रकिंगमधून आणि पार्किंगमधून. सुरुवातीची दोन-तीन वर्षं गोदाम आणि ट्रकिंगच घर चालवतात, रेल्वे नाही, त्यामुळे बँकेला दाखवायच्या कागदात पहिल्या वर्षापासून रोज रेक दाखवू नका. माणसं हवी असतील तर लालबागला गतिशक्ती विश्वविद्यालय आपल्याच गावात आहे, तिथल्या पोरांना बिल्ट्यांच्या सर्व्हेच्या कामाला लावा, त्यांनाही शिकायला मिळतं.

चालू झाल्यावर रोज संध्याकाळी एका पाटीवर चार आकडे लिहायचे: ट्रक गेट ते गेट सरासरी किती मिनिटं, रेक फ्री टाइमच्या आत सुटला का, एक कंटेनर बाहेर जाईपर्यंत किती वेळा उचलला, आणि किती ट्रक वापसीचं भाडं घेऊन गेले. तिसरा आकडा लोकांना विचित्र वाटतो, पण खालचा कंटेनर काढायला वरचे तीन हलवले की डिझेल तुमचं जळतं आणि बिल कुणाला लावता येत नाही.

आणि पहिला खरा रेक मागवायच्या आधी एक खोटा रेक चालवून बघा. रूळ रिकामा असू दे, फक्त ट्रक बोलवा, साठ-सत्तर तरी, पैसे देऊन बोलवा, गेटातून आत, काटा, शेड, काटा, बाहेर, असे चार तास फिरवा आणि कुठं तुंबतंय ते स्टॉपवॉच घेऊन बघा. शक्यतो जुलैमध्ये, भर पावसात करा.